छातीतली सुईसुई आणि बदललेली वागणूक: एकाच रुग्णात दोन्ही दिसली तर

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणारे शेतकरी आणि शेतमजूर एकामागून एक दवाखान्यात दाखल होऊ लागले. त्या हंगामात पराटी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, बोंडअळीचा जोर होता, आणि डोक्याच्या उंचीवर मारलेला फवारा परत अंगावर, तोंडावर, नाकात येत होता. वीसच्या आसपास माणसे दगावली, शेकडोंवर उपचार करावे लागले. राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. त्या पाचांपैकी तीन उत्पादनांत ऑर्गॅनोफॉस्फेट गटातले रसायन होते: मोनोक्रोटोफॉस, असिफेट आणि प्रोफेनोफॉस.

या गटाच्या विषबाधेचे वर्णन विषशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात सापडते. घाम, लाळ, उलट्या, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या आणि छातीत सुईसुई. आणि त्याच वेळी असंबद्ध बोलणे, अस्वस्थपणा, कधी झटके. दुरून पाहणाऱ्याला असा माणूस दारू प्यायलेला वाटू शकतो. एखाद्या घरात त्याला ‘वात झाला’ म्हणतील, आमच्या छत्तीसगडच्या खेड्यात कदाचित बैगाला बोलावणे जाईल. छातीचा आवाज एका बाजूला राहतो आणि वागण्याचा अर्थ दुसरीकडेच लावला जातो.

अभियांत्रिकीच्या मुलांना औद्योगिक सुरक्षा शिकवताना विषारी वायूंचे आणि रसायनांचे तक्ते द्यावे लागतात. तक्त्यात ‘श्वसनावर परिणाम’ हा एक रकाना असतो, ‘मज्जासंस्थेवर परिणाम’ हा दुसरा. मुले दोन्ही रकाने वेगवेगळे पाठ करतात. रुग्ण मात्र एकच असतो. म्हणून या टिपणात आपण एवढेच पाहणार आहोत की श्वासात शिटीसारखा आवाज येणाऱ्या माणसाची वागणूक अचानक बदलली तर त्या दोन गोष्टी आतून कशा जोडलेल्या असतात, आणि त्या जोडणीकडे दुर्लक्ष केले तर माणूस कसा हातचा जातो. हे उपचाराचे मार्गदर्शन नाही. उपचार डॉक्टरांनीच करायचे आहेत. पण डॉक्टरांपर्यंत माणूस पोहोचण्याआधीचा अर्धा तास बहुधा आपल्यासारख्यांच्या हातात असतो.

आवाज कुठून येतो

आधी आवाज समजून घेऊ. श्वासनलिका साधारण अंगठ्याएवढ्या जाडीची असते. तिला फाटे फुटत फुटत सुमारे २३ पिढ्यांनंतर आपण हवेच्या सूक्ष्म पिशव्यांपर्यंत, म्हणजे वायुकोशांपर्यंत पोहोचतो. मधल्या नळ्यांच्या भिंतीत स्नायू असतात आणि आतून ओलसर अस्तर असते. स्नायू आवळला, अस्तर सुजले किंवा चिकट स्राव साठला की नळी अरुंद होते. सावकाश, स्तरीय प्रवाहासाठी प्वाझयचा नियम तुम्हाला माहीत आहे: रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली की रोध १६ पट. फुप्फुसातला प्रवाह सगळीकडे स्तरीय नसतो, तरी त्रिज्येतला थोडासा फरक माणसाला का लोळवतो हे यावरून कळावे.

पण अरुंद नळी आपोआप शिटी वाजवत नाही. पुष्कळ जण ही बासरीची कल्पना करतात आणि ती चुकीची आहे. बासरीत स्वर हवेच्या स्तंभाच्या लांबीवर ठरतो. श्वासमार्गात तसे असते तर शेकडो हर्ट्झचा स्वर काढायला कित्येक वेळा छातीत मावणार नाही एवढी लांब नळी लागली असती. खरा प्रकार जत्रेतल्या पिपाणीसारखा आहे. पिपाणीत पातळ जीभ हवेच्या झोतात फडफडते. फुप्फुसात जवळजवळ मिटलेल्या नळीच्या भिंतीच एकमेकींजवळ फडफडतात. स्वर ठरतो तो भिंतीचे वस्तुमान, तिची लवचिकता आणि हवेचा वेग यांवर. श्वास सोडताना छातीतला दाब वाढून नळ्या बाहेरून दाबल्या जातात, म्हणून हा आवाज मुख्यतः उच्छ्वासात येतो. श्वास आत घेताना घशातून येणारा कर्कश आवाज वेगळा. तो वरच्या मार्गातल्या अडथळ्याचा असतो आणि तोही तितकाच तातडीचा.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. भिंत फडफडायला झोत लागतो. हवा वाहणेच जवळजवळ थांबले तर आवाजही थांबतो. म्हणून दम लागलेल्या माणसाची छाती एकाएकी शांत झाली आणि माणूस मात्र मलूल, गोंधळलेला दिसतो आहे, तर ती सुधारणा नव्हे. डॉक्टर याला ‘शांत छाती’ म्हणतात आणि त्यांची धावपळ तिथूनच खरी सुरू होते. आवाज आपल्याला फक्त नळीतल्या प्रवाहाबद्दल सांगतो. मेंदूपर्यंत काय पोहोचले ते आवाजात ऐकू येत नाही, ते वागण्यात दिसते.

मेंदूपर्यंत काय पोहोचते

मेंदूचे वजन शरीराच्या २ टक्के, पण विश्रांतीत ऑक्सिजन लागतो सुमारे २० टक्के. तुटवडा पडला की सर्वांत आधी जाते ती तारतम्याची जाण. माणूस चिडतो, तोंडावरचा मास्क ओढून काढतो, ‘मला काही झालेले नाही, घरी सोडा’ म्हणून उठून बसतो. उंच पर्वतावरच्या गिर्यारोहकांच्या हट्टी, विचित्र निर्णयांमागेही हेच कारण असते.

कार्बन डायऑक्साइडचा परिणाम याच्या उलट, गुंगी आणणारा आहे. हा वायू रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर सहज ओलांडतो, तिथले आम्ल वाढवतो आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगवतो. आधी डोके दुखते, विशेषतः सकाळी. दिवसा झोप, रात्री जागरण. मग चिडचिड, विसरभोळेपणा, चुकीची उत्तरे. हात पुढे पसरायला सांगितले तर मनगटे पंख फडफडवल्यासारखी झटके घेतात. शेवटी माणूस हाक मारूनही उठत नाही.

दम्याच्या झटक्यात हे दोन टप्पे क्रमाने दिसतात. सुरुवातीला रुग्ण जोरजोरात श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड उलट कमी होतो. नेहमीची पातळी ३५ ते ४५ मिमी पारा. अर्धा-पाऊण तास धापा टाकणाऱ्या रुग्णाच्या तपासणीत ती ४० निघाली तर नवखा विद्यार्थी ‘नॉर्मल’ म्हणून सुटकेचा श्वास सोडेल. वास्तविक ती ३० च्या आसपास असायला हवी होती. ४० याचा अर्थ श्वासाचे स्नायू थकले आणि पातळी खालून वर चढत चालली आहे. तपासणीचा आकडा एकटा वाचू नये, तो कुठून कुठे निघाला आहे ते पाहावे, हे आपण नियंत्रण प्रणालीच्या तासाला शिकतोच.

आता थोडे गणित. वायुकोशातल्या ऑक्सिजनचा दाब काढायचे समीकरण असे आहे: हवेच्या दाबातून पाण्याच्या वाफेचा दाब, म्हणजे ४७, वजा करा, उरलेल्याला श्वासातल्या ऑक्सिजनच्या प्रमाणाने गुणा, त्यातून कार्बन डायऑक्साइडचा दाब भागिले ०.८ वजा करा. भिलाई समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे, म्हणून हवेचा दाब ७३५ मिमी धरू. साधी हवा, म्हणजे ०.२१, आणि कार्बन डायऑक्साइड ४० असेल तर ६८८ गुणिले ०.२१ बरोबर सुमारे १४४, त्यातून ५० गेले, उरले ९४. छान. कार्बन डायऑक्साइड ८० झाला तर १४४ मधून १०० गेले, उरले ४४. हा माणूस निळा पडेल आणि बोटावरचा ऑक्सिमीटर ओरडू लागेल.

आता त्याच माणसाला २८ टक्के ऑक्सिजनचा मास्क लावा. ६८८ गुणिले ०.२८ बरोबर सुमारे १९३, वजा १००, उरले ९३. फुप्फुसे आजारी असल्यामुळे यातले बरेच वाटेत गळेल, तरी ऑक्सिमीटर नव्वदीच्या वर जाईल. ओठ गुलाबी, यंत्र शांत, नातेवाईक खूश. कार्बन डायऑक्साइड मात्र अजून ८० च आहे आणि माणूस झोपेत बुडतो आहे. करोनाच्या काळात ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचला, ही चांगली गोष्ट झाली. पण तो ऑक्सिजन मोजतो, श्वासाचा दमखम मोजत नाही, हे त्याच्याबरोबर पोहोचले नाही. (महाबळेश्वरच्या उंचीवर दाब ६४५ मिमी धरून हीच तीन गणिते करून पाहा. मधला आकडा पाहून दचकाल.)

जुनाट सीओपीडीच्या रुग्णांत ही अडचण आणखी वाढते. आपल्याकडे हा रोग फक्त विडी ओढणाऱ्यांचा नाही. आयुष्यभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या आयाबायाही त्यात असतात. अशा रुग्णाला बेफाम ऑक्सिजन दिला की कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो. काही अंशी श्वासाची प्रेरणा घटते, पण मोठा वाटा रक्त आणि हवा यांची फुप्फुसातली जुळणी बिघडण्याचा असतो. म्हणून त्यांच्यासाठी ऑक्सिमीटरचे लक्ष्य ८८ ते ९२ टक्के ठेवतात. २०१० साली टास्मानियात रुग्णवाहिकेतल्या ४०५ रुग्णांवर झालेला प्रयोग प्रसिद्ध आहे: भरमसाट ऑक्सिजन मिळालेल्या गटात मृत्यू ९ टक्के, मोजून दिलेल्या गटात ४ टक्के. याचा अर्थ ऑक्सिजन रोखून धरावा असा मुळीच नाही. तुटवड्याने मेंदू मिनिटांत मरतो. मोजून द्यायचा, आणि यंत्राइतकेच माणसाकडे पाहत राहायचे.

‘जरा शांत करा’

या सगळ्यात धोक्याचे वाक्य कोणते, तर ‘फार तडफडतोय, झोपेची गोळी द्या’. घरात कोणाची तरी अल्प्राझोलामची पट्टी असते. तडफडणारा माणूस आपल्या उरल्यासुरल्या ताकदीवर श्वास ओढत असतो. गोळीने तडफड थांबते, कारण श्वासाची धडपडच मंदावते. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड झपाट्याने वाढतो आणि बघणाऱ्याला वाटते की चला, डोळा लागला. अतिदक्षता विभागात अशा रुग्णाला शांत करणारी औषधे देतात हे खरे, पण तिथे श्वासनलिकेत नळी घालायची तयारी हाताशी असते. घरी नसते.

आडवे झोपवण्याचा आग्रहही तसाच. दम लागलेला माणूस पुढे वाकून, हातांवर भार देऊन बसतो, कारण त्या बैठकीत छातीचे जादा स्नायू कामाला लागतात. त्याला धरून आडवे केले की तो झटापट करतो आणि मग सगळे म्हणतात, बघा कसा वागतोय.

एक रसायन, दोन ठिकाणे

आता यवतमाळच्या विषाकडे परत येऊ. वरच्या प्रकारात आधी नळी बिघडली आणि त्यामुळे मेंदू बिघडला. ऑर्गॅनोफॉस्फेट दोघांवर एकदमच हल्ला करते.

आपल्या नसा स्नायूंना आणि ग्रंथींना जो रासायनिक निरोप देतात त्यातला एक अ‍ॅसिटिलकोलिन. ओटो लोवीने १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून असा रासायनिक निरोप असतो हे दाखवले. निरोप पोचला की एक विकर, कोलिनएस्टरेज, त्याचे तुकडे करून टाकते. ऑर्गॅनोफॉस्फेट या विकरालाच बांधून ठेवते. निरोप पुसलाच जात नाही. श्वासनळीत तो साठला की स्नायू आवळतात, स्राव वाहू लागतो: सुईसुई आणि बुडबुड. मेंदूत साठला की गोंधळ, अस्वस्थता, झटके, बेशुद्धी. त्यात नळी तुंबल्यामुळे ऑक्सिजनही घटतो, म्हणजे मेंदूवर दुहेरी मार.

यावर उतारा अ‍ॅट्रोपिन. अ‍ॅसिटिलकोलिनची जागा ते अडवून धरते. किती द्यायचे याचा ठरलेला आकडा नाही. डॉक्टर एक मात्रा देतात, पाच मिनिटे थांबतात, छाती ऐकतात; अजून आवाज असेल तर मात्रा दुप्पट. छाती स्वच्छ झाली, नाडी आणि रक्तदाब ठीक झाला की थांबायचे. म्हणजे छातीतला आवाज हा इथे केवळ लक्षण नाही, तो उपचाराचा मापक आहे. बंद-फेरा नियंत्रणाचे याहून स्वच्छ उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळालेले नाही.

आणि या फेऱ्यात ‘जास्त झाले’ हे सांगणारा मापक कोणता? वागणूक. अ‍ॅट्रोपिन गरजेपेक्षा जास्त गेले की अंग तापते, कातडी कोरडी पडते, लघवी अडते, पोटाची हालचाल थांबते आणि रुग्ण भ्रमिष्ट होतो. चादर चिमटीत पकडतो, हवेत नसलेले काहीतरी वेचतो. धोतऱ्याची फळे खाऊन वेडावलेल्या माणसाची गोष्ट गावात कोणीतरी सांगितलेली असतेच. धोतऱ्यात हेच अ‍ॅट्रोपिन आणि त्याची भावंडे असतात. म्हणजे एकाच रुग्णात सकाळची बडबड विषाची असू शकते आणि संध्याकाळची औषधाची. दोन्हीत फरक करायचा तो घाम-लाळ की कोरडेपणा, आणि छाती ओली की स्वच्छ, यावरून. उलटी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया झाला असेल तर छातीत आवाज राहतोच, आणि तो विषाचा समजून अ‍ॅट्रोपिन वाढवत नेले तर भ्रम वाढत जातो. फसगत इथे होते.

त्यात शेतातले द्रावण नेहमी एकाच रसायनाचे नसते. बंदी घातलेल्या पाचांत फिप्रोनिलचे एक मिश्रण होते आणि डायफेन्थियुरॉन होते. फिप्रोनिल मेंदूतला शांत करणारा निरोप अडवते, त्याने खवळणे आणि झटके येतात. डायफेन्थियुरॉन पेशींच्या ऊर्जानिर्मितीत अडथळा आणते. दोन्हींवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा नाही. म्हणून रिकामी बाटली किंवा तिच्यावरचा कागद रुग्णाबरोबर जाणे हे रुग्णाच्या नावाइतके महत्त्वाचे आहे.

धोतऱ्याचा उल्लेख आला आहे म्हणून एक छोटे वळण घेतो. दम्यावर धोतऱ्याचा धूर ओढणे हा भारतातला जुना उपाय. मद्रासेहून तो १८०२ च्या सुमारास इंग्लंडला पोहोचला आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे दम्याच्या सिगारेटी म्हणून युरोपभर खपला. धुराने नळ्या सैल होत, आणि जास्त झाला की माणूस बरळत असे. रसायनशास्त्राने यावर सुंदर तोड काढली. अ‍ॅट्रोपिनच्या रेणूतल्या नायट्रोजनला आणखी एक गट जोडून त्याला कायमचा धनभार दिला. भारित रेणू चरबीच्या पडद्यातून, म्हणजे मेंदूच्या अडसरातून, सहसा जाऊ शकत नाही. हे इप्राट्रोपियम, आणि नंतरचे टायोट्रोपियम. आज नेब्युलायझरमध्ये घालतात ते इप्राट्रोपियम धोतऱ्याचेच नातवंड आहे. नळी उघडते, डोके फिरवत नाही.

आवाज नाही, पण वागणूक बदलली

याच्या अगदी उलटे उदाहरण आमच्या गावचे आहे. १२ जून २०१४ रोजी भिलाई इस्पात संयंत्रात पंपघरातल्या बिघाडाने पाण्याचा दाब घटला आणि झोतभट्टीचा वायू गळाला. सहा जण मरण पावले, त्यात उपमहाप्रबंधक दर्जाचे दोन अधिकारी होते. अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले. झोतभट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड साधारण पाचवा ते चौथा हिस्सा असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो श्वासमार्गाला डिवचतही नाही. म्हणून छातीत सुईसुई येत नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. पहिली लक्षणे डोकेदुखी, चक्कर, चिडचिड, पाय लटपटणे, आणि स्वतःला काही होते आहे हेच न कळणे.

ऑक्सिमीटर इथेही फसवतो, वेगळ्या कारणाने. तो ६६० आणि ९४० नॅनोमीटरचे दोन प्रकाश बोटातून पाठवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाशात ऑक्सिजनवाल्या हिमोग्लोबिनसारखेच दिसते, म्हणून आकडा ९८ दाखवला जातो. तेव्हा कारखान्यात छाती स्वच्छ असलेला सहकारी अचानक दारूड्यासारखा वागू लागला, तर आधी हवेचा संशय घ्यावा आणि स्वतः आत धावू नये. याउलट क्लोरीन किंवा अमोनिया गळाला तर डोळे-घसा जळतो, नळ्या आवळतात, आवाज येतो. तिथे वागणूक बिघडते ती नंतर, ऑक्सिजन घटल्यावर. आवाज आधी की गोंधळ आधी, एवढ्या एका प्रश्नावरून वायूचा बराच अंदाज येतो.

औषधाने बदललेले वागणे

नेहमीच्या दम्याच्या रुग्णात वागणूक बदलण्याचे कारण पुष्कळदा औषधाच्या पिशवीतच असते. साल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छाती धडधडते, आणि ती धडधड भीतीसारखी वाटते. थिओफिलिनची पातळी रक्तात १० ते २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात ठेवावी लागते; वर गेली की बेचैनी, निद्रानाश, झटके. त्याच रुग्णाला दुसऱ्या कुठल्या डॉक्टरने सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन लिहून दिले तर मात्रा न वाढवताही पातळी चढते. आपल्याकडे दोन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या एकत्र वाचणारे कोणी नसते.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी कोणाला उगाच उत्साह येतो, कोणी रात्रभर बोलत बसतो, कोणाला संशय घेरतो. १९७२ मध्ये बॉस्टनच्या एका मोठ्या पाहणीत प्रेडनिसोनची रोजची मात्रा ४० मिलिग्रॅमपर्यंत असताना असे मानसिक परिणाम १.३ टक्के रुग्णांत, ८० च्या वर १८.४ टक्के रुग्णांत दिसले. माँटेलुकास्ट ही तर घराघरांतली गोळी. मुलांच्या सर्दी-दम्याला सर्रास देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: वाईट स्वप्ने, चिडचिड, नैराश्य, आत्महत्येचे विचार. हे बहुतेकांना होत नाही. पण गोळी सुरू झाल्यावर मूल रात्री किंचाळून उठू लागले तर ‘परीक्षेचे टेन्शन’ म्हणण्याआधी डॉक्टरांना कळवावे. यातले कुठलेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. स्टेरॉइड तर एकदम थांबवणेच घातक ठरते.

उलटा रस्ताही आहे. भाषणाच्या किंवा तोंडी परीक्षेच्या भीतीने हात कापतात म्हणून काही विद्यार्थी प्रोप्रॅनोलॉल घेतात. ते श्वासनळ्या सैल ठेवणारा निरोपही अडवते. लहानपणी दमा असलेल्याला ती एक गोळी झटका आणू शकते.

आणि निव्वळ भीतीने दम लागत नाही का? लागतो. घाबरून जलद श्वास घेतल्यास ओठांभोवती मुंग्या येतात, बोटे वळतात. काहींच्या स्वरतंतू श्वास घेताना मिटतात आणि घशातून आवाज येतो. तो दम्यासारखा भासतो, पण दम्याच्या औषधाने जात नाही. मात्र हे निदान बाकी सगळे तपासून झाल्यावर करायचे असते. खऱ्या दमेकऱ्यालाही झटक्यात भीती वाटतेच, ती कोणाला वाटणार नाही?

गाडी येईपर्यंत

१०८ ला फोन केल्यावर मधल्या वेळात ज्या गोष्टी पाहून कागदावर लिहून ठेवाव्यात त्या अशा. वागणूक केव्हापासून बदलली, तासांपासून की महिन्यांपासून. तासांची असेल तर शरीरातले कारण जवळजवळ नक्की. एका दमात किती शब्द बोलतो. पूर्ण वाक्य, तीन-चार शब्द, की एकच. आजची तारीख-वार विचारल्यावर काय सांगतो, आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारल्यावर काय. बाहुल्या बारीक की मोठ्या, अंग घामाने भिजलेले की कोरडे. छातीचा आवाज वाढतो आहे की झोप वाढत असताना तो कमी होतो आहे. औषधांची पूर्ण पिशवी बरोबर द्यावी. फवारणीतून आलेला असेल तर कपडे काढून अंग साबण-पाण्याने धुवावे, धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, आणि बाटली बरोबर पाठवावी.

फवारणीच्या रुग्णाबाबत एक गोष्ट घरच्यांना क्वचितच सांगितली जाते. छाती मोकळी झाली, माणूस नीट बोलू लागला, म्हणून दुसऱ्याच दिवशी घरी नेण्याची घाई होते. पिकाचे दिवस असतात, मजुरी बुडत असते. श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालीएद्दे या डॉक्टरांनी १९८७ मध्ये वर्णन केले की काही रुग्णांत २४ ते ९६ तासांच्या दरम्यान, पहिली लक्षणे ओसरल्यावर, मानेचे आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. तेव्हा सुईसुई नसते आणि बडबडही नसते. त्याची पहिली खूण एवढीच, की माणसाला उशीवरून डोके उचलता येत नाही. पहिले चार दिवस दर काही तासांनी हे करून पाहायला सांगावे, आणि ते जमेनासे झाले तर श्वासयंत्र असलेल्या रुग्णालयातच त्याला ठेवावे लागते.